नियमावरून वाद झाला तर शब्द कुणाचा?

प्रश्न : आम्ही पाच जण २०१४च्या रूलबुकवर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावरचा रोल-प्लेइंग खेळ खेळतो. गेल्या सेशनमध्ये माझ्या जादूगाराला 'सी इन्व्हिजिबिलिटी' स्पेलमुळे अदृश्य शत्रू दिसत होता. तरीही माझ्या अटॅकला डिसॲडव्हान्टेजच (म्हणजे दोन डाइस टाकून कमी आकडा घ्यायचा), असं एका खेळाडूने या खेळाचे माजी नियमकार जेरेमी क्रॉफर्ड यांचा हवाला देऊन सांगितलं. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, ते पटेना. अर्धा तास त्यातच गेला. खरं कुणाचं?

उत्तर : टेबलावर शेवटचा शब्द डीएमचा. खुद्द रूलबुकच त्याला तो अधिकार देतं. पण तुमचा मित्र हवेत बोलत नव्हता. २०१४च्या पुस्तकात 'इन्व्हिजिबल' कंडिशनचे दोन मुद्दे आहेत : जादूशिवाय दिसत नाही हा पहिला, आणि त्याच्यावरच्या हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज हा दुसरा. स्पेलने पहिला मुद्दा निकालात निघतो, दुसरा शब्दशः तसाच उरतो. क्रॉफर्ड यांनी तेच सांगितलं होतं. तरी आमच्या मते तुमच्या डीएमचा निवाडाच शहाणपणाचा. २०२४च्या आवृत्तीत तर स्पष्टच लिहिलंय, की ज्याला तुम्ही दिसता त्याच्यापुढे अदृश्यतेचा हा फायदा मिळत नाही.

क्रॉफर्ड यांची ट्वीट्स एके काळी अधिकृत मानली जात. २०१९पासून तसं नाही; अधिकृत खुलासे फक्त 'सेज ॲडव्हाइस कंपेंडियम' या नियमांवरच्या प्रश्नोत्तरांच्या संग्रहातले, बाकी सगळा सल्ला. म्हणून आधी छापील मजकूर आणि त्याची एराटा (दुरुस्त्यांची यादी) बघा, मग कंपेंडियम. पुस्तकातल्याच दोन नियमांत टक्कर झाली, तर विशिष्ट नियम सर्वसाधारण नियमावर मात करतो. शत्रू पाच फुटांच्या आत असताना बाण मारला तर डिसॲडव्हान्टेज. पण कॅरेक्टरकडे 'क्रॉसबो एक्स्पर्ट' ही फीट (खास कौशल्य) असेल तर नाही.

खेळ अडला की दोन मिनिटं पुस्तक चाळा. सापडलं नाही तर डीएमने निकाल द्यावा, खेळ पुढे न्यावा आणि निकाल तिथल्या तिथे वहीत लिहून ठेवावा. ही वही फार महत्त्वाची. निकाल चुकला म्हणून भांडणं फारशी होत नाहीत. आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसराच निकाल दिला की जास्त होतात. सेशन संपल्यावर सावकाश तपासा. बदल करायचा ठरला तर तो पुढच्या सेशनपासून लागू करा, झालेले रोल उकरू नका. अपवाद एकच : शंकास्पद निकालाने एखाद्याचं कॅरेक्टर मरणार असेल, तर दोन मिनिटांची मर्यादा विसरा आणि डाइस पडण्याआधीच नियम नीट वाचा.