टिप काळी दिसली म्हणून लगेच कानस नको

हे बघ, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत विजेच्या पॅनलची कामं घेणार असशील तर आधी कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या, टिपा ओळखायला शीक. टिपा म्हणजे एकमेकींना टेकून प्रवाह जोडणारे धातूचे छोटे तुकडे. हलक्या कामाला चांदी-निकेल चालतं. मोठ्या मोटारीला चांदी-टिन ऑक्साइड, कारण ठिणगीत ते सहसा चिकटून बसत नाही. जुन्या मालात टिनऐवजी कॅडमियम असतं. त्याचा धूर घातक, बंद खोलीत तापवायचं नाही म्हणजे नाही.

टिप काळी पडली की नवखा कानस काढतो. कशाला गा? तो काळेपणा बहुतेक वेळा चालतो, घासून चांदी मात्र कमी होते.

टिप पट्टीवर बसवताना जोड ब्रेझिंगचाच हवा, म्हणजे जास्त उष्णतेला वितळणारी धातूची काडी वापरून केलेला. साधं शिशाचं सोल्डर 183 अंशांनाच पातळ व्हायला लागतं; लोड आला की टिप सरकलीच. तांब्याला तांबं-फॉस्फरस-चांदीची काडी घे, फ्लक्स, म्हणजे जोडाची जागा साफ ठेवणारं रसायन, लागत नाही. पितळेला लागतो. लोखंडाला ही काडी वापरूच नकोस, जोड ठिसूळ होतो. ऑक्साइडच्या टिपेला पाठीमागे बहुधा शुद्ध चांदीचा थर असतो, तीच बाजू तांब्यावर बसव. उलटी बसवलीस तर वितळलेल्या काडीचा रस पसरत नाही, गोळा होऊन बसतो. आणि ज्योत टिपेवर नको, खालच्या पट्टीवर धर.