तरवा कोणत्या नक्षत्रात टाकला, ते विचारा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय : डोंगरी शेती, बदलतं हवामान आणि त्यावरचे सर्व्हे.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. बदलत्या पावसाला शेतकरी कसं तोंड देतात, यावर पाटण तालुक्यातल्या वाड्यांमध्ये अभ्यास करतेय. पहिलाच प्रश्न होता, ‘हवामान बदललंय असं वाटतं का?’ झाडून सगळ्या घरांनी ‘हो’ म्हटलं. सर म्हणतात, ही माहिती बाद. चुकलं कुठे? (पाटण)

उत्तर : सरांचं बरोबर आहे. दारात वही घेऊन आलेल्या पोरीला कोण कशाला ‘नाही’ म्हणेल? तुमच्या प्रश्नातच उत्तर होतं. पहिला अर्धा तास ‘हवामान’ हा शब्दच काढू नका. गेल्या हंगामातलं काम क्रमाने विचारा. तरवा (भाताच्या रोपांचा वाफा) कोणत्या नक्षत्रात टाकला? दुबार टाकावा लागला का? बियाणं घरचं की दुकानातलं? लावणीला घरची माणसं किती, मजुरीची किती? कुठलं खाचर (भाताचं बांध घातलेलं शेत) पडीक राहिलं? प्रत्येक बदलाला ‘का?’ विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा. कारणांच्या चौकटी आधीच छापल्या की लोक त्यातलीच एक निवडून मोकळे होतात.

नक्षत्र विचारण्यात सोय आहे. सूर्याची नक्षत्रं दरवर्षी जवळपास त्याच तारखांना लागतात : मृग 7-8 जूनला, आर्द्रा 21-22 जूनला, पुनर्वसू 5-6 जुलैला. त्यामुळे ‘आर्द्रा निघताना टाकला’ हे उत्तर तारखेत बसवता येतं. चूक झाली तरी तेरा-चौदा दिवसांच्या आतली. ‘जूनचा कितवा आठवडा?’ विचारलंत तर अंदाजपंचे उत्तर मिळेल.

जुन्या वर्षांसाठी खुणा वापरा : 1972चा दुष्काळ, जुलै 2005ची अतिवृष्टी, ऑगस्ट 2019चा पूर. म्हाताऱ्या माणसांना 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप लख्ख आठवतो. जुलै 2021 हीसुद्धा ठळक खूण आहे, पण आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या दरडींच्या गावांत ती सहज बोलता बोलता वापरू नका. तिथे माणसं गेलेली आहेत.

‘पूर्वी पाऊस वेळेवर यायचा’ हे वाक्य प्रत्येक वाडीत ऐकाल. तो पुरावा नव्हे, पावसाच्या नोंदीशी ताडून पाहा. मात्र महसूल मंडळाचं पर्जन्यमापक बहुधा खाली खोऱ्यात असतं आणि वाडी वर डोंगरात. घाटमाथ्याकडे चार-पाच किलोमीटरमध्ये पावसाचा आकडा पार बदलतो. म्हणून त्या नोंदीतून उघडीप कधी आणि किती दिवस पडली एवढंच घ्या. वाडीवर किती मिलिमीटर पडला, ते त्यातून काढू नका.

आता सगळ्यात घोळाची जागा. नाचणी-वरी सुटली, वरकस (उतारावरची हलकी) जमीन पडीक राहिली, की अहवालात बिनदिक्कत ‘हवामानबदलामुळे’ असं लिहिलं जातं. अभयारण्यालगतच्या वाड्यांत गवे आणि रानडुकरं उभं पीक लोळवतात. तरणी माणसं मुंबई-नवी मुंबईला माथाडीच्या कामावर. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो. मग उतारावर नाचणी कोण लावणार आणि रात्री राखण कोण करणार? म्हणून त्याच तुकड्याबद्दल उलटून विचारा : ‘डुकरं नसती तर यंदा नाचणी केली असती का? मुलगा गावात असता तर?’ दोन्हींना ‘नाही, उघडीप पडली की रोप करपतं’ असं उत्तर आलं, तरच तो तुकडा पावसाच्या खात्यात टाका.

प्रश्न : साठ घरांच्या वाडीत नमुना किती घरांचा घ्यावा? बंद घरांच्या जागी शेजारचं घर घेतलं तर चालेल का? (मेढा)

उत्तर : साठच घरं असतील तर नमुना कशाला, सगळीच करा. मोठ्या गावात मात्र ग्रामपंचायतीच्या ‘नमुना 8’च्या (घरपट्टीच्या नोंदवहीच्या) यादीवर विसंबू नका. एका नावावर तीन चुली निघतात. आणि डांबरी संपते तिथे थांबू नका. वरचे धनगरवाडे नेहमी सुटतात.

कुलूप असलेलं घर बदलू नका. ‘बंद, कधीपासून, शेत कोण करतं’ एवढं शेजाऱ्याकडून लिहून घ्या. गाव सोडणं हासुद्धा तग धरायचा एक मार्ग आहे. शेजारचं घर घेतलंत की नेमका तोच गाळला जातो. मुंबईकर मंडळी गणपतीत आणि गावच्या यात्रेला येतात, त्यांच्या मुलाखतींसाठी तेवढे दिवस राखून ठेवा. लावणीच्या दिवसांत तर कोणाच्याच दारात जाऊ नका.

क्षेत्र सातबाऱ्यावरून घेतलंत तर पोटखराबाही (लागवडीला न येणारी जमीन) त्यात येतो. खाचरं मोजा, बियाणं किती पायली (धान्य मोजायचं माप) लागलं ते विचारा आणि त्या वाडीतली पायली एकदा काट्यावर तोलून घ्या. भाताच्या आणि नाचणीच्या पायलीचं वजन वेगळं भरतं.

प्रश्न : हिमालयासाठी तयार झालेली प्रश्नावली भाषांतर करून वापरता येईल का? (सातारा)

उत्तर : थेट नाही. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या 2022च्या अहवालात पर्वतांवर स्वतंत्र टिपण (‘क्रॉस-चॅप्टर पेपर’) आहे, त्यात बर्फ आणि हिमनद्यांना मोठी जागा आहे. सह्याद्रीत बर्फ नाही. इथलं दुखणं वेगळं : महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी डोंगरातले झरे उन्हाळ्यात आटतात. हिमनदीच्या प्रश्नांच्या जागी झऱ्याचे प्रश्न घाला : पाणी कोणत्या महिन्यात बारीक होतं, हंडा भरायला किती वेळ लागतो, पाणी आणायला कोण जातं. शेवटचा प्रश्न बायकांनाच विचारा, तोही पुरुषमंडळी ओट्यावर नसताना. सातबाऱ्यावर नाव नसलं तरी तरव्यापासून मळणीपर्यंतचा हिशेब त्यांनाच पाठ असतो.

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी कोणीतरी फॉर्म भरून नेतं, पुढे काहीच कळत नाही. काय करावं? (एक सरपंच, जावळी)

उत्तर : आधीच अट घाला. कोणत्या संस्थेकडून आलात, माहिती कुठे जाणार, नावं छापणार का, हे मराठीत लिहून घ्या. निष्कर्ष छापण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवायचे, हेही त्यात असू द्या. झऱ्यांचा नकाशा केला असेल तर त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवून घ्या. पाणीपुरवठ्याचा प्रस्ताव करताना तीच कामाला येते. उत्तर द्यायचं नसेल तर ‘नाही’ म्हणायचा हक्क प्रत्येक घराला आहे. सरपंचाने होकार दिला म्हणजे गावाने दिला, असं होत नाही.