अमेरिकेत स्पोर्ट्स स्कॉलरशिपवर गेलेल्या मुलांचा अभ्यास नावापुरताच असतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरावीत आहे, टेनिसमुळे दोन-तीन अमेरिकन विद्यापीठांच्या कोचचे मेल येऊ लागलेत, आणि नात्यातल्या कुणीतरी सांगितलं की तिकडे खेळाडूंना नुसतं पास करतात, त्या डिग्रीला काही अर्थ नसतो. हे खरं का, आणि असं घडलं तर विद्यापीठाला कुणी जाब विचारतं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी दिलासा देणारं आहे. दुसऱ्याचं तसं नाही, म्हणून आधी तेच घेते.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, चॅपेल हिल. मायकेल जॉर्डनचं कॉलेज, आणि शिक्षणातही देशातल्या नावाजलेल्या सरकारी विद्यापीठांपैकी एक. तिथल्या आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं काही कोर्स असे चालले, ज्यांचे वर्ग कधी भरलेच नाहीत. शिकवायला कुणी नाही, हजेरी नाही. सेमिस्टरच्या शेवटी एक पेपर, म्हणजे लांबलचक निबंध, लिहून द्यायचा, की झालं. ते पेपर तपासायच्या डेबोरा क्राउडर. त्या प्राध्यापक नव्हत्या, विभागाचं ऑफिस सांभाळायच्या. मजकुराचा दर्जा न बघता त्या बहुतेकांना ए नाहीतर बी देत. १९९९पासून तर हे कोर्स वेळापत्रकात रीतसर लेक्चर म्हणून लागत होते. विभागप्रमुख ज्युलियस न्यांगोरो यांना सगळं ठाऊक होतं, आणि २००९मध्ये क्राउडर निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःही असे काही कोर्स चालू ठेवले.

माजी सरकारी वकील केनेथ वेनस्टीन यांचा चौकशी अहवाल ऑक्टोबर २०१४मध्ये आला. ३,१००हून जास्त विद्यार्थ्यांनी हे कोर्स घेतले होते. विद्यापीठात खेळाडूंचं प्रमाण साधारण ४ टक्के, पण या कोर्सांच्या पटावर ते ४७ टक्क्यांच्या वर. कारण उघड आहे: संघात खेळायचं तर ग्रेडची सरासरी ठरावीक आकड्याच्या खाली जाऊन चालत नाही, आणि ती वर खेचायला हे कोर्स हाताशी होते. क्राउडर गेल्यावर खेळाडूंच्या अभ्यास सल्लागारांनी फुटबॉलच्या कोचसमोर एक स्लाइड ठेवली होती. (फुटबॉल म्हणजे त्यांचा अमेरिकन फुटबॉल.) जिथे वर्गात जावं लागत नव्हतं, नोट्स काढाव्या लागत नव्हत्या, जागं राहावं लागत नव्हतं, ते कोर्स आता उरले नाहीत, असं तीत स्वच्छ लिहिलं होतं. ही स्लाइड अहवालात आहे. ती वाचताना मला आजही संताप येतो, कारण ती करणारी माणसं मुलांच्या शिक्षणासाठीच नेमलेली होती.

क्राउडर यांच्याबद्दल अहवालात जे आलंय ते मला त्याहून जास्त अस्वस्थ करतं. त्यांनी यात पैसे खाल्ले नव्हते. त्याच विद्यापीठात शिकताना आपल्याला कुणी आधार दिला नाही असं त्यांना वाटत होतं, आणि अडचणीतल्या मुलांना मदत करायची म्हणून त्यांनी हे सुरू केलं. दया म्हणून सुरू झालेली गोष्ट अठरा वर्षं चालली, कारण ती सगळ्यांच्या सोयीची होती. खेळाडूंना वाचायला शिकवणाऱ्या मेरी विलिंगहॅम यांनी आतून आवाज उठवला, तेव्हा विद्यापीठाने त्यांच्याच आकडेवारीवर आक्षेप घेतले. शेवटी त्यांनी नोकरी सोडली. स्थानिक वर्तमानपत्राचे पत्रकार डॅन केन वर्षानुवर्षं कागदपत्रं मागत राहिले नसते, तर हे बाहेर आलं असतं का, मला शंका आहे.

आता जाब कुणी विचारला ते बघा. कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१५मध्ये विद्यापीठाला एक वर्ष प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली, ठेवलं. कॉलेज क्रीडा चालवणारी राष्ट्रीय संस्था म्हणजे एनसीएए. तिचा निकाल ऑक्टोबर २०१७मध्ये आला: शैक्षणिक नियमांचा भंग झाला असं म्हणता येत नाही. कारण काय, तर हे कोर्स फक्त खेळाडूंसाठी नव्हते, इतर मुलांनीही घेतले होते, आणि कोर्स खरा की खोटा हे ठरवायचा अधिकार विद्यापीठाचा. विद्यापीठाने मान्यता देणाऱ्या संस्थेसमोर हा प्रकार गैरच होता असं कबूल केलं होतं, पण एनसीएएसमोर ती भूमिका सोडली. एकही विजय काढून घेतला गेला नाही.

याच्या शेजारी मिझुरी विद्यापीठाचं प्रकरण ठेवा. २०१६मध्ये एका ट्यूटरने स्वतःहून सांगितलं की तिने खेळाडूंची कामं करून दिली. खेळाडू होते १२. विद्यापीठाने चौकशीला सहकार्य केलं. जानेवारी २०१९मध्ये शिक्षा झाली: फुटबॉल, बेसबॉल आणि सॉफ्टबॉल या तिन्ही संघांना एक वर्ष मोसमानंतरच्या स्पर्धांतून बंदी. अपीलही फेटाळलं गेलं. एका ट्यूटरचा गुन्हा पकडता येतो, कारण त्याला नियमांत नाव आहे. अख्खा विभाग शिकवणंच सोडून देतो, तेव्हा नियमांत त्यासाठी रकाना नसतो. माझ्या मते हीच या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती भरायची जबाबदारी एनसीएएची नाही, प्राध्यापकांची आहे. वर्गात काय शिकवलं जातंय हे ज्यांना रोज दिसतं त्यांनी अठरा वर्षं पाहिलं नाही. नुकसान झालं ते मुलांचं. त्यातली कितीतरी पुढे व्यावसायिक खेळाडू झाली नाहीत, आणि हातात जी डिग्री होती तिच्यात शिक्षण नव्हतं.

हे सगळं वाचून मुलीचा विचार बदलू नका. मी अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात पीएचडी करताना टीए, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणारी सहायक होते, संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांना. माझ्या वर्गात पोहणाऱ्या, रोइंग करणाऱ्या, टेनिसवाल्या मुली नेहमी असत. सेमिस्टरच्या मध्यावर क्रीडा विभागाकडून प्रत्येकीचा प्रगतीचा फॉर्म यायचा, सामन्याला बाहेरगावी जायचं असेल तर आधी पत्र यायचं. त्यांच्या ट्यूटरना सक्त ताकीद असे की मुलांच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. एकदा एका सल्लागाराचा फोन आला, अमक्याच्या ग्रेडचं अजून काही करता येईल का म्हणून. मी प्राध्यापकांकडे पाठवलं, त्यांनी दोन ओळींचं लेखी उत्तर दिलं आणि विषय संपला. दबाव असतो. तो कुठे थांबतो हे त्या प्राध्यापकांवर असतं.

नियम कागदावर तरी कडक आहेत. डिव्हिजन वनला, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटात, जायचं तर शाळेतले १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ (४ पैकी) सरासरी लागते. नववीपासूनच्या गुणपत्रिका एनसीएएकडे पाठवाव्या लागतात, तेव्हा त्या आत्ताच नीट जपून ठेवा. गेल्यावर दर सेमिस्टरला साधारण १२ क्रेडिट घ्यावेच लागतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठीही तेवढे लागतातच. तिसरं वर्ष सुरू होताना डिग्रीचा ४० टक्के, चौथं सुरू होताना ६० टक्के भाग पूर्ण झालेला हवा. सराव मोसमात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त नको असाही नियम आहे, पण प्रवासाचे तास त्यात धरत नाहीत, आणि टेनिसला प्रवास खूप असतो. शिवाय टेनिस हा पैसा आणणारा खेळ नाही. ज्यासाठी विद्यापीठं वाकतात तो पैसा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये आहे. २०२५पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पण एफ-१वरच्या मुलांच्या आड व्हिसाचे निर्बंध येतात. कोचने त्याबद्दल काही आश्वासन दिलं तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून ते लेखी मागा.

आपल्याकडची मुलं या वाटेने जाऊन उभी राहिली आहेत. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून कॉलेज टेनिस खेळली, आणि पुढे हांगझोच्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठात असताना २००७ आणि २००८ असं दोनदा एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं.

तुमच्या हातात असलेली एक तपासणी सांगते. संघाच्या वेबसाइटवर बऱ्याचदा प्रत्येक खेळाडूचा मुख्य विषय दिलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींचे विषय बघा. सगळ्या एकाच विषयात गोळा झालेल्या दिसल्या, तर त्या तिकडे आवडीने गेल्या की कुणी ढकलल्या, हे विचारायलाच हवं. तुमची लेक बायोलॉजी किंवा इंजिनिअरिंग म्हणत असेल, तर तिला कोचला सरळ विचारू दे: दुपारची लॅब आणि सराव एकाच वेळी आले तर काय होतं? याआधी कुणी तो विषय घेऊन संघातून डिग्री पूर्ण केली आहे का? कोच नाव सांगू शकला तर त्या मुलीशी बोला, शक्यतो कोचच्या गैरहजेरीत. आणि खेळापेक्षा शिक्षणाकडे तिचा ओढा जास्त असेल, तर डिव्हिजन थ्रीचाही विचार करा. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण गुणवत्तेवर आणि घरच्या परिस्थितीवर मिळणारी मदत असते, आणि दुखापत झाली म्हणून ती कुणी काढून घेत नाही.