गोव्याचा समुद्र अ‍ॅक्रिलिकमध्ये रंगवायला कोणता निळा घ्यावा?

अल्ट्रामरीन (जांभळट झाक असलेला निळा) घ्या. निळ्याचं उत्तर एवढंच. पण तुम्ही पुढे लिहिलंय, की तुमचा मिरामारचा समुद्र प्लास्टिकच्या चादरीसारखा दिसतो आणि तुमचे सर म्हणतात, पाण्याचं चित्र जलरंगातच शोभतं. हे वाक्य मी फार वर्षं ऐकत आलोय आणि ते मला मुळीच मान्य नाही.

समुद्र प्लास्टिक दिसतो तो ट्यूबमधला निळा तसाच फासल्यामुळे. मिरामारला मांडवी नदीचा गाळ येतो, काठाजवळचं पाणी मातकट हिरवट असतं. क्षितिजाजवळच्या पट्टीला अल्ट्रामरीन दोन भाग, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एक भाग आणि हवा तेवढा पांढरा. मधल्या पाण्यात थॅलो ब्लू (फार तीव्र निळा), तोही मोहरीएवढाच, नाहीतर बाकीचे सगळे रंग गिळून टाकतो. काठाशी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि रॉ अंबर (गडद तपकिरी). आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीमागून येतं तेव्हा पाण्याला रंग दिसतो, संध्याकाळी सूर्य समोर आला की नुसती चकाकी उरते. सकाळचं पाणी आणि संध्याकाळचं आकाश एका चित्रात जोडू नका.

आता ओली वाळू. लाट परतल्यावर उरणारी ती चकचकीत पट्टी जमली, तर समुद्र थोडा चुकला तरी चालतो. आधी ऑकर आणि अंबरने वाळू पूर्ण रंगवून घ्या, हाताला गार लागणार नाही इतकी सुकू द्या. मग आकाशाचाच उरलेला रंग (म्हणून तो झाकणाच्या डबीत राखून ठेवायचा) एक भाग, ग्लेझिंग मीडियम (रंग पातळ आणि पारदर्शक करणारं द्रव) पाच भाग. नुसतं पाणी घातलंत तर डागांच्या कडा उमटतात. इंचभर रुंदीच्या चपट्या ब्रशने फटकारे उभे मारा, कारण प्रतिबिंब सरळ आपल्याकडे उतरतं. माडाचंही तसंच, प्रतिबिंब सरळ खाली; माड झुकलेला असेल तरच ते झुकतं. लेप ओला असतानाच कोरडा स्वच्छ ब्रश एकदाच आडवा फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलात की अर्धवट सुकलेला थर भुग्यासारखा निघून येतो. कमी वाटलं तर सुकवून पुन्हा लेप द्या. फेसाला आधी जांभळट करडा, पांढरा फक्त वरच्या कडेला, आणि फेसाखाली वाळूवर सावलीची एक बारीक रेघ. ती रेघ नसली तर फेस कापसासारखा तरंगतो.

हेच जलरंगात करून बघा. ओला ब्रश दुसऱ्यांदा फिरला की खालची तपकिरी विरघळून वर येते आणि पट्टी गढूळ होते. अ‍ॅक्रिलिकचा सुकलेला थर पाण्याने हलत नाही, म्हणून खालची वाळू तशीच राहते आणि वर आकाश दिसतं. ओली वाळू हे अ‍ॅक्रिलिकचंच काम आहे, तुमच्या सरांना ही पट्टी नेऊन दाखवा.

आकाशाची मऊ उतरण मात्र जलरंगात सोपी जाते, हे खरं. मे महिन्यात किनाऱ्यावरच्या वाऱ्यात पॅलेटवरच्या रंगावर बघता बघता साय धरते. बारीक फवारा मारत राहा. रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव) घातलात तर रंगाच्या दहा टक्क्यांच्या आत, त्यापुढे थर चिकट राहतो. अ‍ॅक्रिलिक सुकल्यावर गडद होतं, कारण त्यातला बाइंडर (रंगकण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) ओला असताना दुधाळ असतो आणि मग पारदर्शक होतो. म्हणून प्रत्येक मिश्रण कागदावर सुकवून मगच चित्राला लावा. चकाकी कुठे आहे, कुठे नाही असं झालं तर शेवटी मॅट (चमक नसलेलं) वार्निश. पावसाळ्यात जाड थर वरून सुकलेला दिसतो, आत ओलाच असतो. वार्निशला निदान दोन आठवडे थांबा आणि कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवू नका, चिकटले तर दोन्ही चित्रांचे पोपडे निघतात.