भूसुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : युद्ध संपून पन्नास वर्षे लोटली, तरी लाओसमध्ये शेतकरी स्फोटात जखमी कसे होतात?

१९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतल्या क्लस्टर बॉम्बमधून सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब विखुरले गेले आणि त्यांपैकी अंदाजे ३० टक्के फुटलेच नाहीत. चेंडूएवढे हे गोळे मातीखाली तसेच पडून आहेत. कुदळीचा एक घाव किंवा जमिनीवर पेटवलेली चूल एवढे निमित्त त्यांना पुरते. खाली काय दडले आहे हे चूल पेटवणाऱ्या बाईला कळण्याचा काहीच मार्ग नसतो, त्यामुळे अशा घटनांना निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : सुरुंगावर पाय पडून फक्त पाऊल गेलेले असताना शल्यचिकित्सक पाय बराच वर का कापतात?

कारण इजा दिसते त्याहून पुष्कळ वर पोहोचलेली असते. स्फोटाच्या दाबाने माती, गवत, चपलेचे तुकडे आणि त्याच पावलाच्या हाडांचे कण स्नायूंच्या थरांमधून वर घुसतात. बाहेरची त्वचा धड दिसत असली तरी आतला स्नायू मेलेला असतो. तो राहू दिला तर जंतुसंसर्ग जिवावर बेततो. म्हणूनच निर्जीव भाग काढल्यावरही जखम लगेच शिवत नाहीत, तर चार-पाच दिवस उघडी ठेवून, ती स्वच्छ असल्याची खात्री पटल्यावर बंद करतात.

प्रश्न : शेतात संशयास्पद वस्तू दिसली तर?

हात लावू नका, दगड मारू नका, इतरांना सावध करून अधिकाऱ्यांना कळवा. आपण सुरुंगांच्या पट्ट्यात शिरलो आहोत असे वाटले, तर जागच्या जागी थांबून मदत मागा.

प्रश्न : लहान मुलाला एकदा कृत्रिम पाय बसवला की काम भागते का?

नाही. प्रौढाचा कृत्रिम पाय तीन ते पाच वर्षे चालतो. वाढत्या मुलाला मात्र साधारण दर सहा महिन्यांनी नवा लागतो. शिवाय कापलेल्या टोकाचे हाड त्वचेपेक्षा वेगाने वाढून तिला आतून टोचू लागते, तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. माणसांविरुद्धच्या भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारात जखमींच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची तरतूद आहे, पण सुरुंग काढण्याच्या तुलनेत या कामाला फारच थोडा निधी मिळतो. निधी देणाऱ्यांनी पायाच्या किमतीबरोबर दर खेपेचा प्रवासखर्च आणि सोबत येणाऱ्या पालकाची बुडालेली मजुरीही धरली पाहिजे, नाहीतर मोफत पायही त्या मुलाला परवडत नाही.