इलेक्ट्रिक कारची बॅटरी कॅलिब्रेट करण्यासाठी ती दर महिन्याला ०% पर्यंत उतरवून पुन्हा १००% चार्ज करावी का?

नाही, ०% पर्यंत उतरवण्याची गरज नाही. १००% चार्ज किती वेळा करायचा हे मात्र सेलच्या रसायनावर ठरतं. कॅलिब्रेशन बॅटरीचं नसतं, तिच्यात किती चार्ज उरलाय याच्या बीएमएसने (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेने) बांधलेल्या अंदाजाचं असतं. बीएमएस आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहते आणि त्यातल्या बारीक चुका साचत जातात. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा व्होल्टेज साधारण २०% ते ८०% चार्जदरम्यान ३.२-३.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे व्होल्टेज बघून हा अंदाज दुरुस्त करता येत नाही. पूर्ण चार्जजवळ तो झपकन चढतो, तिथे बीएमएसला पक्की खूण मिळते आणि बहुतेक पॅकमध्ये सेल बॅलन्सिंगही (सगळ्या सेलचा चार्ज समान करणं) तिथेच होतं. म्हणून एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा स्लो चार्जरवर १००% करा आणि चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत प्लग काढू नका. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८०% पुरे. १००% फक्त लांबच्या प्रवासाआधी करा, आणि तशी भरलेली गाडी, विशेषतः उन्हात, दिवसेंदिवस उभी ठेवू नका. त्याने सेल लवकर थकतात. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. आणि कॅलिब्रेशनने फक्त आकडा सुधारतो, गेलेली क्षमता परत येत नाही.