ॲड्रेनालिनचं पेन रोज जवळ बाळगायलाच हवं का?

तुम्ही विचारलंय की मधमाशी चावल्यावर एकदा अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं पेन, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीत स्वतःच टोचून घ्यायचं तयार इंजेक्शन, लिहून दिलं. पण त्यानंतर वर्षभर काहीच झालं नाही, तर ते रोज वागवायचं की ॲलर्जीची गोळी खिशात पुरे?

गोळी पुरत नाही. मला गांधीलमाशीची ॲलर्जी आहे. तिसऱ्यांदा चावली तेव्हा माझं पेन गाडीच्या कप्प्यात होतं आणि मी डोंगराच्या चढणीवर. खिशातली गोळी घेतली. तिचा परिणाम दिसायलाच अर्धा तास तरी लागतो, आणि तोही मुख्यतः खाजेवर नि गांधींवर. आवळणारा घसा, कोसळणारा रक्तदाब तिच्या आवाक्याबाहेरचे. बरोबरचा मित्र पळत जाऊन पेन घेऊन आला म्हणून निभावलं.

गाडीत ठेवण्यात आणखी एक चूक होती, ती मला नंतर कळली. हे औषध साधारण 20 ते 25 अंशांत टिकतं, उन्हात तापलेल्या गाडीत खराब होतं. फ्रिजमध्येही ठेवायचं नाही. पेनाच्या खिडकीतून आतलं द्रव अधूनमधून बघा. गढूळ किंवा तपकिरी दिसलं तर मुदत उरलेली असली तरी बदला. मुदत संपायच्या महिनाभर आधीचा गजर मी मोबाइलवर लावून ठेवलाय.

पेन दोन बाळगा. पहिल्याने फरक पडला नाही तर 5 ते 15 मिनिटांत दुसरं घ्यावं लागतं. बरं वाटलं तरी दवाखाना चुकवू नका, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

घ्यायचं मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध. कपड्यावरूनही चालतं. किती सेकंद दाबून धरायचं हे प्रत्येक पेनाचं वेगळं असतं, ते आजच वाचून ठेवा. आणि टोक कुठलं तेही पाहून घ्या, घाईत स्वतःच्याच अंगठ्यात टोचून घेणारे कमी नाहीत! सुई नसलेलं सरावाचं पेन मिळालं तर चार वेळा हात बसवा. टोचल्यावर आडवं व्हा, पाय उंच ठेवा, एकदम उठू नका. दम लागत असेल तर मात्र बसून राहा.

लोक अडतात ते "घेऊ की नको" इथे. घेतल्यावर छाती धडधडते, हात थरथरतात, मलाही तसं झालं, पण थोड्या वेळात ओसरलं. श्वास अडखळतोय, आवाज घोगरा झालाय, चक्कर येतेय, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. आधी पेन, मग फोन.

माझी दोन्ही पेनं आता कमरेच्या पाऊचमध्ये असतात. समारंभाच्या कपड्यांवर ते अजिबात शोभत नाही, हे बायको दर वेळी सांगते. मात्र निघताना पाऊच चाचपून बघते तीच.